लाउडस्पीकरवरचं पहिलं नाव

आमच्या मंडळात पाहुण्यांचा परिचय लिहायचं काम कैक वर्षं माझ्याकडे आहे. गायक असो, नट असो, निवृत्त कुलगुरू असो, शाल-श्रीफळ हातात पडण्याआधी माइकवरून त्याच्याबद्दल जे काही चांगलंचुंगलं बोललं जातं ते अमेरिकेतल्या फ्रीमाँट गावी माझ्या डायनिंग टेबलावर शिजलेलं असतं. मी भूलतज्ज्ञ. इथल्या हॉस्पिटलात उभं आयुष्य लोकांना भूल देण्यात गेलं, म्हणून तुला परिचय छान जमतात, असं आमचे हे म्हणायचे. मला राग यायचा, पण खोटं नव्हतं ते. आपल्याकडच्या परिचयाची रीतच तशी आहे. आधी म्हणायचं, यांना परिचयाची गरज नाही, आणि मग नमनाला घडाभर तेल ओतायचं. ज्याने आयुष्यात एक पुस्तक लिहिलं तो ‘साहित्यिक’, ज्याने दोन लिहिली तो ‘ज्येष्ठ साहित्यिक’, आणि ज्याचं एकही बाहेर आलं नाही तो ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’.

मागच्या वर्षी, वसंत ऋतू लागता लागता, मंडळाचे अध्यक्ष घरी आले. अध्यक्ष म्हणजे चाळिशीच्या आतला पोरगा. रोज फ्रीवेवरून खाडीपलीकडच्या ऑफिसला जातो, दोन मुलं आहेत आणि संस्कार इतके की विचारू नका. साठीपुढचं कुणीही दिसलं की वाकून नमस्कार. व्हिडिओ कॉलवरसुद्धा स्क्रीनच्या दिशेने वाकतो आणि मग आम्हाला बराच वेळ नुसतं त्याचं टक्कल दिसतं.

“काकू, यंदा मुलांसाठी सॉकर टूर्नामेंट अरेंज करतोय,” तो म्हणाला. “चीफ गेस्ट सजेस्ट करा ना. क्रिकेटवाला कुणी अव्हेलेबल नाहीये.”

“सॉकरला क्रिकेटवाला कशाला? माझ्या भिंतीपलीकडे एक फुटबॉलवाला कॅप्टन राहतो,” मी म्हणाले.

आमची टाउनहाउसेस एकमेकांना चिकटून आहेत. मधली भिंत एकच. माझ्या कुकरच्या शिट्ट्या तिकडे जातात आणि तिकडच्या अरबी बातम्या इकडे येतात. पलीकडे एक इजिप्शियन इंजिनियर बाई आणि तिचे वडील राहायला आले तेव्हा माझे यजमान नुकतेच गेले होते, आणि मला कुणाशीही ओळख करून घ्यायची नव्हती. पण एका सकाळी दारातल्या पायऱ्यांवर माझी कांद्यांची पिशवी फाटली. कांदे गडगडत खाली निघाले. खाली हे म्हातारे गृहस्थ काठी टेकत फेरी मारत होते. नव्वदीला टेकलेले. त्यांनी काठी टाकली, एक गुडघा वाकवला, शरीर आडवं घातलं आणि दोन्ही तळव्यांत कांदा धरून पोटाशी घेतला. मागोमाग दुसराही. बाकीचे कांदे रस्त्यावर गेले, पण ते दोन कांदे ज्या मायेने त्यांनी मला आणून दिले तसं कुणी तान्हं मूलही देत नाही.

“पायाने अडवायचे की,” मी म्हणाले. आभार मानायचं सोडून भलतंच बोलायची माझी सवय जुनी आहे.

“गोलकीपर पाय लावत नाही,” ते म्हणाले. “निदान दुसरा इलाज असेपर्यंत.”

मग ओळख वाढली. जवळच्या अरबी दुकानात मी त्यांच्यासोबत भाजी आणायला जाऊ लागले. तिथला दुकानदार त्यांना बघून लांबूनच ‘या कॅप्टन!’ असं ओरडायचा. मला वाटलं, विमान चालवत असतील. ते हसले. आमच्याकडे कुठलाही खेळ खेळलेल्या माणसाला मरेपर्यंत कॅप्टन म्हणतात, म्हणाले. मग मीही कॅप्टन म्हणू लागले आणि ते मला डॉक्टोरा म्हणू लागले. तर अध्यक्षांनी पाहुणा विचारल्यावर माझ्या तोंडून यांचंच नाव निघालं. म्हणजे नाव नाही. ‘कॅप्टन’ निघालं.

परिचय लिहायचा म्हणून मी रोज दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. ते पुदिन्याचा चहा करत. साखर इतकी, की माझ्यातल्या डॉक्टरला घाम फुटावा. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “तुमच्या फुटबॉल क्लबमध्ये तुम्ही किती वर्षं होतात?”

“दहा.”

“आणि मॅच किती खेळलात?”

“लीगची? एकही नाही.”

मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसेल. मी प्रश्न मोठ्याने विचारला. त्यांनी उत्तरही तितक्याच मोठ्याने दिलं. मग चहा ओतत त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशात कापडगिरण्यांचं एक गाव होतं. वडील मागावर विणकर. पोरं गल्लीत जुन्या मोज्यात चिंध्या कोंबून केलेल्या चेंडूने खेळायची, आणि हे सगळ्यांत धाकटे म्हणून यांना गोलमध्ये उभं करायची. जगात कुठेही जा, धाकट्याच्या वाट्याला नको ते काम येतंच. पण यांचा जीव त्या कामावर जडला. विशीत गिरणीच्या क्लबने घेतलं. दिवसा गिरणीच्या गोदामात कारकुनी, संध्याकाळी सराव. खेळाचे पैसे असे नसतच, नोकरी हाच मोबदला. क्लबमध्ये आधीपासून एक गोलकीपर होता, यांच्यापेक्षा थोडा मोठा.

“चांगला होता?” मी विचारलं.

“डॉक्टोरा, तो उत्तम होता. वाईट असता तर माझं आयुष्य किती सोपं झालं असतं! त्याला कधी साधी सर्दीसुद्धा झाली नाही. मी त्याच्या तब्येतीसाठी प्रार्थना करायचो. मनापासून करायचो का, ते देवाला माहीत.”

त्या काळी खेळ सुरू झाल्यावर खेळाडू बदलायची सोयच नव्हती. अकरा जण आत गेले की गेले. राखीव गोलकीपर म्हणजे शिट्टी वाजायच्या आधी काही विपरीत घडलं तर लागणारा माणूस. हे दर शुक्रवारी आंघोळ करून, दाढी करून, कोटाच्या आत जर्सी घालून लाकडी बाकावर बसायचे. खेड्यापाड्यांतल्या मैत्रीच्या सामन्यांत यांना उभं करत. तिथे छान खेळायचे. पण तिथे लाउडस्पीकर नसायचा.

हा लाउडस्पीकर त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा. मी विचारलं तेव्हा कळलं. मैदानावर सामन्याआधी अकरा नावं पुकारत. पूर्ण नावं: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं. आणि सुरुवात नेहमी गोलकीपरपासून. पहिलं नाव गोलकीपरचं. त्या क्षणी सगळं मैदान गप्प होई आणि नाव संपलं की गर्जना उठे. यांचे वडील दर शुक्रवारी मैदानावर यायचे आणि बरोबर त्या खांबावरच्या कर्ण्याखाली उभे राहायचे. पुकारा झाला की घरी निघून जायचे.

“मॅच न बघता?”

“त्यांना फुटबॉल कळत नव्हता. ते नाव ऐकायला यायचे. माझं नाव पुकारलं असतं तर त्यात त्यांचंही होतं, आणि माझ्या आजोबांचंही. माझ्या आजोबांचं नाव कुणी मोठ्याने कशाला घेईल? सावकाराशिवाय कुणी घेतलं नसेल.”

मी माझा चहा संपवला, तळाच्या साखरेसकट.

पुढचं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. एका हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्या लोखंडी गोलकीपरचं खांद्याचं हाड मोडलं. खेळ अर्ध्यावर आलेला. हे बाकावर, कोटाखाली जर्सी. पण नियम म्हणजे नियम. आत जाता येईना. एका फॉरवर्डने जखमी माणसाची जर्सी चढवली आणि गोलमध्ये उभा राहिला. त्याला चेंडू धरता येत नव्हता. हे बाकावर बसून आपलेच हात आपल्या मांड्यांखाली दाबून धरत होते. सामना हरले. सामना संपल्यावर प्रशिक्षकांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, त्याचं हाड आता पूर्वीसारखं व्हायचं नाही. पुढच्या हंगामात तू. घरी जाऊन यांनी वडिलांना सांगितलं. वडिलांनी त्याच संध्याकाळी जोड्यांना पॉलिश केलं. हंगाम सुरू व्हायला अजून कित्येक महिने होते.

“मग?”

“मग जून आला. सदुसष्टचा. युद्ध.”

युद्धानंतर लीग बंद पडली ती काही वर्षं बंदच राहिली. देशावर जे कोसळलं होतं त्यापुढे फुटबॉलची काय कथा, ते म्हणाले. गोदामातली पोरं सैन्यात गेली, त्यातली काही परत आली नाहीत, आपल्या गोलपोस्टसाठी रडायची लाज वाटायची. लीग परत सुरू झाली तेव्हा नवी पोरं आली होती आणि वडील राहिले नव्हते. हातातोंडाशी आलेला घास गेला, असं आपण म्हणतो. यांचा तर जिभेवर ठेवलेला गेला. त्यानंतर लग्न, मुलगी, मग अमेरिका, न्यू जर्सीतल्या गोदामात पुन्हा गोदामकाम, बायकोचं आजारपण, आणि शेवटी मुलीच्या पाठोपाठ इथे, माझ्या भिंतीपलीकडे.

“तर परिचयात काय लिहू?” मी विचारलं.

“तुम्हाला वाटेल ते. थोडकंच लिहा.” मग म्हणाले, “फक्त एक करा. नाव पूर्ण घ्यायला सांगा. लाउडस्पीकरवरून. आमच्याकडे मोठ्या माणसाचं नाव कुणी घेत नाही, डॉक्टोरा. दुकानदाराला मी कॅप्टन, गिरणीत उस्ताद, गल्लीत अमकीचा बाप. पूर्ण नाव फक्त दोन ठिकाणी घेतात. पोलीस चौकीत आणि स्टेडियममध्ये. चौकीत मी कधी गेलो नाही.”

हे ते हसत बोलले, पण हात मांड्यांखाली होते.

आमच्याकडे तरी काय वेगळं आहे? लग्नात सगळ्यांनी हट्ट केला म्हणून एक उखाणा घेतला, त्यात ह्यांचं नाव घेतलं, ते पहिलं आणि शेवटचं. त्यापुढे सगळा संसार ‘अहो’वर झाला. ऑपरेशन थिएटरमध्ये बड्या बड्या सर्जनना पहिल्या नावाने हाक मारून झापणारी मी, घरी येऊन ‘अहो, ऐकलंत का’. मला त्यात काही कमी वाटलं नाही. त्यात माया होती, लाडिक भांडणंसुद्धा होती. पण ते आजारी असताना वेटिंग रूमच्या दारात नर्स त्यांचं नाव मोठ्याने पुकारायची, उच्चार पार मोडून, आणि दर वेळी मला वाटायचं, अगं बाई, असं आहे होय माझ्या नवऱ्याचं नाव. आता ते नाव फक्त जाहिरातींच्या पाकिटांवर येतं. मोठ्याने घेणारं कुणी उरलं नाही. मला ते फार लागतं. त्यामुळे कॅप्टनचं मागणं मला क्षणभरही वेडगळ वाटलं नाही.

मी अध्यक्षांना फोन केला.

“काकू, ग्रेट! बट अचीव्हमेंट काय टाकायची? नॅशनल टीम? ऑलिंपिक्स?”

“राखीव गोलकीपर. दहा वर्षं.”

“राखीव?” तो म्हणाला. मग चाचरत, “म्हणजे आपण असं म्हणूया का, की इजिप्तच्या फुटबॉलशी त्यांचा अनेक वर्षं क्लोजली संबंध होता...”

“एक अक्षर वाढवलंस तर बघ. आजवर मीच वाढवत आलेय, मला माहितीय कसं वाढवतात. हा माणूस आहे तेवढा पुरे आहे.”

पोरगा मनाचा चांगला. मी सगळं सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बदलला. “काकू, शाल-बिल ठीक आहे, पण नाव टीममध्ये पुकारलं पाहिजे ना? फायनलच्या आधी आपण पॅरेंट्स व्हर्सेस किड्स ठेवतोच. पॅरेंट्सचा गोलकीपर काका!” हे मला सुचलं नव्हतं, आणि त्याला सुचलं म्हणून मी त्याची शंभर वाकणी माफ केली.

घोडं अडलं ते कॅप्टनच्या मुलीपाशी. ती संध्याकाळी ऑफिसचा बॅज गळ्यात तसाच ठेवून माझ्या दारात आली. “बाबांच्या हार्टचा व्हॉल्व्ह कसा आहे तुम्हाला माहीत आहे. ऑपरेशनला ते नाही म्हणाले. मागच्या थंडीत ते दोनदा पडले. आणि तुम्ही, डॉक्टर असून, त्यांना गोलमध्ये उभं करताय?”

बाबा हा शब्द त्यांच्याकडेही बाबाच आहे. त्यामुळे तिचं बोलणं मला जरा जास्तच टोचलं. मी तिला आत बसवलं. भजी तळली. म्हटलं, “हे बघ, मी रेषेबाहेर उभी राहीन. बॅग जवळ असेल. नाव पुकारतील, ते चालत जातील, पाच मिनिटं उभे राहतील, एखादं पोरगं हळूच चेंडू मारेल, झालं. डाइव्ह मारली तर मी स्वतः ओरडेन. पण नको म्हणू नकोस. ज्याने एका हंगामाची इतकी वर्षं वाट बघितली त्याला पुढच्या वर्षी बघू म्हणायचं नसतं.”

तिने बराच वेळ भजी नुसतीच धरून ठेवली. “मला हे सगळं त्यांनी कधी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मला वाटायचं बाबांना फुटबॉल आवडत नाही. टीव्हीवर मॅच लागली की पहिली दोन मिनिटं ते दुसऱ्या खोलीत जातात.” मग तिने भजी खाल्ली, आणि ते मी होकार म्हणून धरलं.

आता नाव. कॅप्टनकडून मी नीट शिकून घेतलं. घशाच्या तळातून येणारा एक ‘ह’ आहे आणि दुसरा एक स्वर आहे जो गिळता गिळता अडवायचा असतो. मी ते फोनवर रेकॉर्ड करून अध्यक्षांना पाठवलं. त्याने फ्रीवेवर ड्राइव्ह करता करता जाता-येता घोकलं. आठवडाभरात इतकं चोख आलं की कॅप्टनला ऐकवलं असतं तर तेही फसले असते. माझी सगळी काळजी उच्चाराची होती. काळजी भलत्याच ठिकाणी करत होते, हे नंतर कळलं.

शनिवारी सकाळी मंडळाने भाड्याने घेतलेल्या शाळेच्या मैदानावर आम्ही पोचलो. एका तंबूत वडापाव, दुसऱ्यात पाण्याच्या बाटल्या, सगळीकडे घडीच्या खुर्च्या आणि मुलांचे आईबाप मुलांपेक्षा जास्त तावातावाने ओरडतायत. कॅप्टन पहाटेपासून तयार होते असं मुलगी म्हणाली. गुळगुळीत दाढी. भर उन्हात अंगात जाड कोट, वरपर्यंत बटणं लावलेली. मी कोट काढा म्हटलं तर मान हलवली. आत काय आहे ते मला कळलं, म्हणून मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. रेषेजवळच्या खुर्चीत ते ताठ बसले.

आपला कार्यक्रम तो, वेळेवर कसा होईल? प्रायोजकांचे आभार झाले, प्रायोजकांच्या सौभाग्यवतींचे आभार झाले, गाड्या नीट लावण्याबद्दल दोनदा सूचना झाल्या. शाल आणि श्रीफळ झालं. मी लिहिलेला परिचय झाला, माझ्या आयुष्यातला सगळ्यांत छोटा, तीन वाक्यांचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पालकांचा संघ. डेंटिस्ट, सॉफ्टवेअरवाले, एक बालरोगतज्ज्ञ बाई, सगळे निळ्या टीशर्टात, पोटं आत ओढून मध्यभागी उभे. गोल रिकामा.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. आमच्याकडे एकदा बघितलं. कॅप्टनकडे बघितलं. पांढरे केस, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. आणि मी त्याच्या चेहऱ्यावर ते होताना पाहिलं. आई-आजीने लहानपणापासून जे भरवलं होतं ते सगळं एकदम त्याच्या घशाशी आलं. एवढ्या मोठ्या माणसाचं नुसतं नाव? भर मैदानात? एकेरीत पुकारल्यासारखं?

“आणि गोलकीपर,” तो ओरडला, “आपणा सर्वांचे लाडके, आदरणीय, इजिप्तचे काका!”

केवढ्या टाळ्या! मुलं शिट्ट्या वाजवायला लागली. “काका! काका!” असा घोष सुरू झाला. अध्यक्ष पुढची नावं वाचायला लागले, दहाच्या दहा, आडनावासकट. कॅप्टन हसले. मान लववून त्यांनी सगळ्यांचा नमस्कार घेतला. आणि जागचे हलले नाहीत.

“काका, चला ना,” कुणीतरी म्हणालं. “ऐकू नाही आलं त्यांना.” “उभं राहवत नसेल, राहू दे, उगाच कशाला त्रास.” मुलगी त्यांच्याकडे वाकली, “बाबा?” त्यांनी तिचा हात हळूच थोपटला. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. त्यांना राग आला नव्हता, रुसलेही नव्हते. शिट्टीआधीचा पुकारा झाला आणि त्यात आपलं नाव नव्हतं, म्हणजे आत जायचं नाही. आयुष्यभर पाळलेली शिस्त ती. त्यांच्या दोन्ही हातांचे तळवे खुर्चीवर मांड्यांखाली गेलेले मी बघितले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी तरातरा गेले आणि माइक ओढून घेतला. अध्यक्ष पुटपुटले, “काकू, सॉरी, पण मोठ्या माणसाचं असं नाव... जीभच रेटेना यार.” भूल देताना मी रागावले की ऑपरेशन थिएटर चिडीचूप होत असे, त्याच नजरेने मी त्याच्याकडे बघितलं. पण मला त्याचा राग आला नव्हता. त्याच्या जागी, त्याच्या वयाची मी असते तर माझीही जीभ अशीच अडली असती.

“एक मिनिट,” मी म्हणाले. “यादी चुकली. पुन्हा पहिल्यापासून.”

मैदान गप्प होईना. सगळ्यांना वाटलं गाड्यांबद्दल आणखी काही सूचना आहे. मी थांबले. मग कुणीतरी मुलांना गप्प केलं, मग मोठेही गप्प झाले, आणि खरोखरची शांतता झाली.

“गोलकीपर,” मी म्हणाले, आणि त्यांचं नाव घेतलं. सावकाश, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं. मग त्यांच्या वडिलांचं. मग त्यांच्या आजोबांचं. घशातला तो ‘ह’ आपोआप आला.

कॅप्टन उठले.

“हाजिर,” ते म्हणाले. मला, मुलीला, की त्या कर्ण्याखाली उभ्या असलेल्या आणखी कुणाला, ते त्यांनाच ठाऊक. अरबीत म्हणाले, पण आमच्यातल्या एकालाही तो शब्द समजावून सांगावा लागला नाही.

त्यांनी शाल घडी करून खुर्चीवर ठेवली. कोटाची बटणं एकेक करून काढली. आत हिरवी जर्सी होती, नवी कोरी, दुकानातून कुणाला न सांगता आणलेली. कोट मुलीकडे दिला, काठी माझ्याकडे दिली आणि ते चालत निघाले. सावकाश, पण न थांबता. मी बॅग घेऊन रेषेवर उभी होते आणि त्यांच्या श्वासाकडे बघत होते. गोलपाशी पोचल्यावर त्यांनी एका खांबाला हात लावला, मग दुसऱ्याला, आणि मध्ये येऊन उभे राहिले. मुलांच्या संघातली पोरं चेंडू घेऊन निघाली. आमचे निळे टीशर्टवाले अजून टाळ्याच वाजवत होते.

तेवढ्यात गोलमधून एक आवाज आला. असा आवाज, की तंबूतल्या वडापाववाल्यांनीही माना वळवल्या. डावीकडच्या डेंटिस्टकडे बोट करून कॅप्टन ओरडत होते, “ए! तू! कुठे फिरतोयस? मागे ये!” मग उजवीकडे, “आणि तू, टाळ्या काय वाजवतोस, त्या मुलीला अडव!” मध्येच इंग्रजी संपलं आणि अरबी सुरू झालं, आणि त्या अरबीत कौतुक नक्कीच नव्हतं.

त्यांच्या मुलीने माझा दंड घट्ट धरला. ती रडत होती आणि हसतही होती. “मी बाबांना कधी ओरडताना ऐकलं नाहीये,” ती म्हणाली. “आख्ख्या आयुष्यात नाही.”

“गोलकीपरला ओरडावंच लागतं,” मी म्हणाले. खरं तर फुटबॉलमधलं मला काही कळत नाही.

आणि मैदानावरचे ते सगळे इंजिनियर, डेंटिस्ट आणि डॉक्टर, ऑफिसात कुणाच्या बापाचं न ऐकणारे, मुकाट्याने मागे आले आणि त्यांनी दाखवलेल्या जागी उभे राहिले.